कमलाबाईंचे भाषण आणि कमलाबाईंचे काम

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या रस्त्याला लागून शेंद्र्याची औद्योगिक वसाहत मागे टाकली की थोड्याच वेळात करमाड येते. तेथील एका शाळेत २८ फेब्रुवारीला, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनी, वक्तृत्व स्पर्धेचे परीक्षक म्हणून आम्हाला बोलावले होते. विषय होता भारतीय शास्त्रज्ञांचा. नववीतील एक मुलगी कमला सोहोनींवर बोलली. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला, कमलाबाई हटल्या नाहीत, एक वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळाला, पुढे केंब्रिज, चौदा महिन्यांत पीएच.डी., चाळीस पानांचा प्रबंध. सभागृहात टाळ्या पडल्या. ज्या रामन यांच्या शोधासाठी हा दिवस पाळला जातो, त्याच दिवशी त्यांच्याविरुद्ध एक लहान मुलगी उभी राहून बोलते आहे, हे आम्हालाही आवडले.

परीक्षकांनी एक प्रश्न विचारायचा असतो. आम्ही विचारले, “कमलाबाईंनी काय शोधले?”

“सायटोक्रोम सी, सर. ते एक एन्झाइम आहे. ते प्रत्येक पेशीत असतं.”

“ते तिथे काय करतं?”

मुलीने तिच्या बाईंकडे पाहिले, बाईंनी आमच्याकडे. त्या क्षणी आमच्या लक्षात आले, की हेच वाक्य, याच शब्दांत, दोन वर्षांपूर्वी एका व्याख्यानात आम्ही स्वतः उच्चारले होते. मुलीला आम्ही पहिला क्रमांक दिला. पण त्या तिच्या तीन छोट्या वाक्यांत निदान तीन गोष्टी तपासून पाहायला हव्यात, आणि त्यांचा दोष तिच्याकडे जात नाही. तो विज्ञानलेखन करणाऱ्या आमच्यासारख्यांकडे येतो. शाळांतील भाषणे आमच्याच लेखांवरून, पुस्तिकांवरून आणि भिंतीवरच्या तक्त्यांवरून तयार होतात. म्हणून या लेखात आम्ही ही कमलाबाईंवरच्या लेखनाची ठरीव तऱ्हा तपासणार आहोत.

‘पहिली’ म्हणजे नेमके काय?

जवळजवळ प्रत्येक लेखाची सुरुवात ‘विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री’ अशी होते. कमलाबाईंना केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. १९३९ साली मिळाली. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञ ई. के. जानकी अम्माळ यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ सालीच मिळाली होती. ती पदवी डी.एस्सी. होती, पीएच.डी. नव्हती, असा बचाव करता येतो. पण मग ‘पहिली’ या शब्दाचा सगळा भार पदवीच्या अक्षरांवर येऊन पडतो. विद्यार्थ्याला अक्षरे पाठ होतात आणि जानकी अम्माळ हे नाव मात्र कायमचे बाजूला राहते. एका स्त्रीचा गौरव करताना दुसरीला पुसून टाकावे, याची काही आवश्यकता नाही.

पहिलेपणाच्या हव्यासाचा आणखी एक तोटा आहे. ‘पहिली’ म्हटले की पुढे विचारायला काही उरत नाही. शर्यत संपली, पदक मिळाले. विज्ञानात मात्र पहिल्याने काय केले, कुणाच्या कामावर उभे राहून केले आणि त्याच्यावर पुढे कोण उभे राहिले, हे प्रश्न महत्त्वाचे असतात.

सायटोक्रोम कुणी शोधले?

आता मुख्य मुद्दा. ‘कमला सोहोनींनी सायटोक्रोम सी हे एन्झाइम शोधले’ हे विधान मराठीत आणि इंग्रजीतही इतक्या वेळा छापले गेले आहे, की ते तपासावेसे कुणालाच वाटत नाही.

सायटोक्रोमची कथा किमान पन्नास वर्षे आधी सुरू होते. १८८०च्या दशकात मॅकमन नावाच्या एका वैद्यक व्यावसायिकाने प्राण्यांचे स्नायू आणि इतर ऊती वर्णपटदर्शकातून पाहिल्या. त्याला हिमोग्लोबिनपेक्षा वेगळे असे काळे पट्टे दिसले. त्या काळचे मोठे जीवरसायनशास्त्रज्ञ होप्पे-सायलर यांना ते मान्य झाले नाही आणि मॅकमनचे काम विस्मरणात गेले. पुढे केंब्रिज येथे डेव्हिड कायलिन घोड्याच्या जठरात वाढणाऱ्या एका माशीच्या अळ्यांचा अभ्यास करत असताना त्यांना प्रौढ माशीच्या उड्डाण-स्नायूंत तेच पट्टे दिसले. मग ते यीस्टमध्येही दिसले. यीस्टची नळी हवेबरोबर हलवली की पट्टे नाहीसे होत, स्थिर ठेवली की पुन्हा उमटत. म्हणजे हे द्रव्य प्राणवायूशी जोडलेल्या एखाद्या क्रियेत सतत भाग घेत होते. १९२५ साली कायलिन यांनी त्याला ‘सायटोक्रोम’, म्हणजे पेशीतील रंगद्रव्य, हे नाव दिले. त्यांच्या त्या निबंधाच्या शीर्षकातच हे द्रव्य प्राणी, यीस्ट आणि उच्च वनस्पती यांना समान असल्याचे म्हटले आहे. मॅकमनचे श्रेयही त्यांनी त्याला दिले.

तेव्हा सायटोक्रोमचा शोध कमलाबाईंचा नव्हे, आणि ते वनस्पतींत असते हेही १९२५ साली म्हटले गेले होते. मग कमलाबाईंनी केंब्रिजला काय केले? ते समजून घ्यायचे तर एक भेद ध्यानात घ्यावा लागतो, आणि आमच्या लेखांत तो नेमका हरवलेला असतो.

पेशीत अन्नाचे विघटन होताना इलेक्ट्रॉन मोकळे होतात. ते एका साखळीतून हातोहात पुढे जातात आणि शेवटी प्राणवायूला मिळून पाणी तयार होते. वाटेत सुटणारी ऊर्जा पेशी साठवते. या साखळीत सायटोक्रोम सी हे एक लहानसे प्रथिन आहे. त्याच्या पोटात लोहाचा एक अणू असतो. ते एकाकडून इलेक्ट्रॉन घेते आणि दुसऱ्याला देते, म्हणजे निरोप्याचे काम करते. हा इलेक्ट्रॉन घेऊन प्राणवायूला देणारे जे शेवटचे विकर, त्याचे नाव सायटोक्रोम ऑक्सिडेज. आपण नाकाने घेतलेला बहुतेक सगळा प्राणवायू या एका विकरापाशी खर्च होतो. सायटोक्रोम सी वाहक आहे, ऑक्सिडेज हे विकर आहे. आमच्या मुलीने वाहकाला विकर म्हटले, कारण आम्ही तसे लिहितो.

१९३०च्या दशकात प्राण्यांच्या आणि यीस्टच्या बाबतीत हे चित्र बरेच स्पष्ट होत आले होते. वनस्पतींबाबत शंका होती. बटाटा कापून ठेवला की काळा पडतो, हे सर्वांना ठाऊक आहे. हे काम फिनॉल वर्गातील द्रव्यांना प्राणवायू जोडणाऱ्या दुसऱ्याच विकराचे असते. मग वनस्पती श्वसनासाठी प्राणवायू वापरतात तो या काळे करणाऱ्या विकरामार्फत, की प्राण्यांप्रमाणे सायटोक्रोम ऑक्सिडेजमार्फत? वनस्पतींच्या रसात इतर द्रव्यांची आणि विकरांची एवढी गर्दी असते की उत्तर मिळवणे सोपे नव्हते. कमलाबाईंनी, तेव्हाच्या कमला भागवत यांनी, रॉबिन हिल यांच्याबरोबर या प्रश्नावर काम केले. हे तेच हिल, ज्यांच्या नावाची ‘हिल अभिक्रिया’ प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात येते. १९३९ साली दोघांच्या नावाने ‘नेचर’ साप्ताहिकात सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजविषयी टिपण प्रसिद्ध झाले.

म्हणजे बटाटा आणि बैल यांच्या श्वसनाचा शेवटचा टप्पा एकाच तऱ्हेच्या विकराने पार पडतो, या निष्कर्षाच्या उभारणीत कमलाबाईंचा वाटा आहे. ‘सायटोक्रोम सी शोधले’ या वाक्यापेक्षा हे अधिक खरे आहे, आणि आमच्या मते अधिक सुंदरही आहे.

राहिला ‘प्रत्येक पेशीत’ हा शब्द. ही साखळी तंतुकणिकांमध्ये असते. माणसाच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशीत तंतुकणिका नसतात, म्हणून तेथे ही साखळीही नसते. प्राणवायू वाहून नेणारी पेशी स्वतः तो अशा प्रकारे वापरत नाही, ही गंमत वर्गात सांगण्यासारखी आहे. ‘प्रत्येक’ म्हटले की ती हातची जाते.

मागच्या बाकावरचा मुलगा

स्पर्धा संपल्यावर मुख्याध्यापकांच्या परवानगीने आम्ही फळ्यावर ही साखळी काढली. शेवटच्या विकरापाशी आलो आणि सांगितले, की सायनाइड या विकराच्या लोहाला घट्ट धरून बसते. मग रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. त्यामुळे शिरांमधले रक्तही लालभडक राहते.

मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. “सर, आमचं वासरू कवळी जवारी खाऊन मेलं. डॉक्टर म्हणले, इख असतंय तिच्यात. ते हेच का?”

हेच. ज्वारीच्या कोवळ्या रोपांत, कापणीनंतर फुटलेल्या धुमाऱ्यांत आणि पावसाने ताण दिल्यावर खुरटलेल्या पिकात धुरीन नावाचे द्रव्य जास्त असते. जनावराने ते चघळले आणि पोटात गेले की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. थोड्या प्रमाणात असेल तर जनावराचे शरीर त्याचा बंदोबस्त करू शकते. यकृतातील रोडानीज हे विकर सायनाइडला गंधक जोडून त्याचे बऱ्याच कमी विषारी थायोसायनेट बनवते. पशुवैद्य सोडियम थायोसल्फेट टोचतात ते या विकराला गंधक पुरवण्यासाठीच. पण विष एकदम आणि फार आले तर विकराला वेळ पुरत नाही. पीक फुलोऱ्यात आल्यावर धोका पुष्कळ कमी होतो आणि नीट वाळलेल्या कडब्यातही तो कमी असतो. शेतकरी कोवळ्या ज्वारीत जनावर सोडत नाही, त्याच्या मुळाशी हे जीवरसायन आहे.

त्या मुलाच्या घरचे नुकसान आणि त्या मुलीचे भाषण यांच्यामध्ये एकच विकर उभे होते. दोघे एकाच वर्गात बसत होते. तरी भाषणातून ते दिसले नसते, कारण भाषणात विकराचे फक्त नाव होते.

जे काम सांगितलेच जात नाही

आमचा सगळ्यात मोठा आक्षेप वेगळाच आहे. कमलाबाईंची केंब्रिजची वर्षे दोन, आणि भारतात परतल्यावरची संशोधनाची वर्षे कितीतरी अधिक. दिल्लीचे लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालय, कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा आणि त्यानंतर मुंबईची विज्ञान संस्था, जिच्या त्या पुढे संचालक झाल्या. भाषणात हा काळ दोन ओळींत संपतो. फार तर नीरेचा उल्लेख येतो, तोही पुरस्कारापुरता. नीरेत काय असते आणि किती, हे आम्ही एकाही भाषणात ऐकलेले नाही.

मुंबईच्या काळात कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी आपल्या डाळी, कडधान्ये आणि भाज्या यांतील प्रथिनांचा अभ्यास करत होते. त्यातला एक भाग होता ट्रिप्सिन-निरोधकांचा. ट्रिप्सिन हे स्वादुपिंडातून येणारे, प्रथिने तोडणारे विकर आहे. ते माणसात असते, उंदरात असते, कोंबडीतही असते. अनेक शेंगवर्गीय बियांत अशी प्रथिने असतात की ती ट्रिप्सिनच्या कामाच्या जागी अडकून बसतात आणि त्याला निकामी करतात. बी खाणाऱ्याच्या पचनाला अडथळा आणणारी ही वनस्पतीची तजवीज म्हणता येईल. कच्चे सोयाबीन खाऊ घातलेल्या उंदरांची वाढ नीट होत नाही, हे ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ साली दाखवले होते. सोयाबीनमधील निरोधक कुनिट्झ यांनी १९४०च्या दशकात स्फटिकरूपात वेगळा केला.

हा प्रश्न कमलाबाईंनी आपल्या ताटात आणला. १९५४ साली भांडारकर यांच्याबरोबर भारतीय अन्नपदार्थांतील ट्रिप्सिन-निरोधकांवर त्यांचा निबंध आला. १९५५ साली अंबे यांच्याबरोबर ‘नेचर’मध्ये वाल आणि डबल बी यांतून ट्रिप्सिनचे निरोधक स्फटिकरूपात मिळवल्याचे प्रसिद्ध झाले. आपल्या बिरड्यातला वाल! प्रथिन स्फटिकरूपात मिळवणे म्हणजे ते शुद्ध करण्याची मोठी पायरी. त्या काळी, मर्यादित साधनांनिशी, हे कष्टाचे काम होते. आणि त्याचा अर्थ घरोघरी समजण्याजोगा आहे. आपण कडधान्य भिजवतो, मोड आणतो आणि मुख्य म्हणजे चांगले शिजवतो. उष्णतेने या निरोधकांची घडी विस्कटते आणि ट्रिप्सिन मोकळेपणाने काम करू शकते. कोंबड्यांच्या खाद्यात सोयाबीनची पेंड घालण्याआधी तिला उष्णता द्यावी लागते, ती याच कारणाने. सोयाबीन पिकवणाऱ्या मराठवाड्यात हे कुणाला परके वाटेल?

या कामाचा धागा करमाडच्या अगदी जवळ येतो. १९९४ साली मराठवाडा विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागातून पिचारे आणि काचोळे यांनी असे निरोधक ओळखण्याची एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली. क्ष-किरणांच्या फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, आणि जिलेटिन हे प्रथिन आहे. ट्रिप्सिन ते विरघळवते. बियांतील प्रथिने जेलमध्ये वेगवेगळी करून ते जेल ट्रिप्सिनमध्ये भिजवून फिल्मवर ठेवले, की इतरत्र जिलेटिन विरघळते आणि जेथे निरोधक आहे तेथे तेवढे शिल्लक राहते. म्हणजे निरोधकाची खूणच फिल्मवर उमटते. करमाडहून तासाभरात पोचता येईल अशा प्रयोगशाळेत हे घडले. भाषणात मात्र बंगलोर येते, केंब्रिज येते, आणि आपल्या शेजारचे येत नाही.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

यावर शिक्षक म्हणतील, आणि करमाडच्या बाईंनी म्हटलेही, की “सर, आठ मिनिटांत एवढं कसं सांगायचं? आणि मुलींना जिद्दीची गोष्ट लागते. ती तरी काढू नका.”

त्यांचे म्हणणे आम्हाला अर्धे पटते. अन्यायाची गोष्ट काढू नये. ती खरी आहे, आणि आजही एखाद्या मुलीचे शिक्षण दहावीनंतर थांबवण्याचे घरी घाटत असेल तर ती तिच्या उपयोगाची आहे. पण बाईंनी हेही पाहावे, की आपण सांगतो त्या गोष्टीत कमलाबाई स्वतः काही करत नाहीत. त्यांना अडवले जाते, त्या हट्ट धरतात, त्यांना पदवी मिळते. प्रयोगशाळेतल्या टेबलापाशी त्या कधी दिसतच नाहीत. ज्या स्त्रीला ‘ही काय संशोधन करणार’ म्हणून दारात थांबवले गेले, तिच्या संशोधनाविषयी आपणही एक अक्षर न बोलता तिचा सत्कार करतो. हे दारात थांबवणेच आहे, फक्त हार घालून. दार अडवणारा किती चुकला, हे कळायचे असेल तर दार उघडल्यावर आत काय घडले ते सांगावेच लागेल.

वेळेचा प्रश्न मात्र सुटण्यासारखा आहे. ‘पहिली’, ‘चौदा महिने’, ‘चाळीस पाने’ हे आकडे गाळले तर दोन मिनिटे सहज मिळतात. त्या दोन मिनिटांत एक प्रात्यक्षिक होऊ शकते. औषधाच्या दुकानात जखमा धुण्यासाठी मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड दोन नळ्यांत घ्यावे. एकीत कच्च्या बटाट्याचा तुकडा टाकावा, दुसरीत चालत असेल तर बकऱ्याच्या कलेजीचा. दोन्हीकडे फेस येतो. हे कॅटॅलेज नावाच्या विकराचे काम आहे. सायटोक्रोमप्रमाणे त्याच्याही पोटात लोह असते. मग उकडलेला बटाटा आणि शिजवलेली कलेजी घेऊन तेच करावे. फेस येत नाही. वनस्पती आणि प्राणी यांची विकरे एका जातीची असतात आणि उष्णतेने ती निकामी होतात, या दोन्ही गोष्टी मुलांच्या डोळ्यांदेखत घडतात. कमलाबाईंच्या केंब्रिजच्या आणि मुंबईच्या कामाचे दार इथून उघडते. सायनाइडचा मात्र कोणताही प्रयोग शाळेत करू नये, ज्वारीच्या कोवळ्या रोपांचाही नाही. ते फळ्यावरच ठेवावे.

वरिष्ठ वर्गांसाठी आणखी एक गोष्ट. माणसाच्या सायटोक्रोम सीमध्ये १०४ अमिनो आम्ले आहेत. चिंपांझीच्या सायटोक्रोम सीमध्ये अगदी तीच, त्याच क्रमाने. ऱ्हीसस माकडात एक वेगळे, घोड्यात बारा. एका निरोप्या प्रथिनावर सजीवांच्या नात्याची वंशावळ लिहिलेली आहे. १९६७ साली फिच आणि मार्गोलियाश यांनी या फरकांवरून सजीवांचा वंशवृक्षच रेखाटला. आणि १९९६ साली असे दिसून आले, की हेच प्रथिन तंतुकणिकेतून बाहेर पडले तर पेशीला स्वतःचा शेवट करण्याचा संदेश मिळतो. ज्या वाहकाचे आपण नुसते नाव पाठ करून घेतो, त्याच्याविषयी सांगण्यासारखे एवढे आहे.

निघताना त्या मुलीने विचारले, “सर, मग माझं भाषण चुकलं का?” आम्ही म्हणालो, की तुझं नाही, आम्ही तुला दिलेलं चुकलं. तिने वही पुढे केली आणि ‘सायटोक्रोम सी शोधले’ हे वाक्य खोडले. त्याच्या जागी काय लिहायचे, ते तिने मागच्या बाकावरच्या त्या मुलालाही जवळ बोलावून, आमच्याकडून समजून घेऊन स्वतःच्या शब्दांत लिहिले. तिचे वाक्य आमच्या आधीच्या वाक्यापेक्षा लांब झाले, पण त्यात बटाटा होता, वासरू होते आणि कमलाबाईही होत्या.